एकतीसला आज बिघाड आहे

"एकतीसला आज बिघाड आहे. इन्शाल्लाह उद्या," सुआद फोनवर म्हणाली आणि रिसीव्हर ठेवून पुन्हा वाटीतल्या हरभऱ्याच्या गरम लबलाबीत पाव कुस्करू लागली.

"आवाज जरा दुःखी ठेवत जा," समोरच्या टेबलावरून मुनजी म्हणाला. "लोकांना वाटलं पाहिजे, आपल्यालाही वाईट वाटतंय."

"सी मुनजी, रमजान गेला, ईद गेली, उन्हाळा गेला. इतके दिवस रोज दुःखी व्हायचं म्हणजे वेगळा भत्ता लागतो. द्या, रडून दाखवते."

मुनजी हसला नाही. तो शहराच्या बस महामंडळाचा वाहतूक प्रमुख होता, आणि सगळे त्याला मानानं सी, म्हणजे साहेब, म्हणायचे. पदाच्या नावात प्रमुख होतं, वाहतूक मात्र दिवसेंदिवस कमी होत चालली होती. डेपोच्या आवारात धावणाऱ्या गाड्यांपेक्षा उभ्या गाड्याच जास्त होत्या, आणि उभ्या गाड्या धावणाऱ्यांना पोसत होत्या. एकीचा दरवाजा दुसरीला, दुसरीचा पंप तिसरीला. सुटे भाग मागितले की राजधानी परदेशी कंपनीकडे बोट दाखवायची, कंपनी बंदरातल्या कस्टमकडे, आणि कस्टमवाले वर आकाशाकडे. महामंडळात बदली होऊन आलेला प्रत्येक नवा संचालक पहिल्या आठवड्यात रागवायचा, दुसऱ्यात गप्प व्हायचा आणि तिसऱ्यात मुनजीला म्हणायचा, "तू बघून घे."

मुनजी बघून घ्यायचा. आदल्या हिवाळ्यात त्यानं असंच बघून घेतलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या लाइनवर गाड्या बंद पडायला लागल्या, तेव्हा त्यानं सिद्रा टेकडीवर जाणाऱ्या एकतीस नंबरच्या गाड्या काढून तिकडे वळवल्या. निर्णय चूक नव्हता. टेकडीवरच्या लोकांना पाय होते. इस्पितळात जाणाऱ्यांतल्या निम्म्यांना तेही धड नव्हते. पण लाइन बंद करायची तर राज्यपालांच्या कचेरीची सही लागते, आणि बंदवर सही करून टेकडीवरची पोरं रस्त्यात बसवून घ्यायची हौस त्या कचेरीत कुणालाच नव्हती. त्यामुळे कागदावर एकतीस ठणठणीत होती. फक्त तिला रोज बिघाड व्हायचा.

"इन्शाल्लाह उद्या" हे वाक्यही मुनजीचंच. ऐकणाऱ्याला धीर येतो, बोलणारा खोटा पडत नाही, आणि जबाबदारी थेट अल्लाहकडे जाते. महामंडळात इतकं काटकसरीचं काम दुसरं कुणी केलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. सुआदनं ऐकलं आणि हातानं रिसीव्हर झाकला.

"तुमची लल्ला."

मोठ्या बहिणीला मुनजी लहानपणापासून मानानं लल्ला म्हणायचा. तिचं नाव दलेंदा. एकतीसच्या अगदी शेवटच्या थांब्यामागे तिचं घर. पहाटे मातीच्या भट्टीत तबूना भाकऱ्या थापायच्या, तीळ-कलौंजी लावून गरम गरम टोपल्यांत भरायच्या, आणि पहिल्या बसनं बंदराजवळच्या बाजारात येऊन दारातच विकायच्या, हा तिचा जन्माचा धंदा. नवरा गेल्यावरही त्यावरच जगली, आणि मुनजीच्या शाळेचे बूटही कधीकाळी त्या भट्टीतूनच निघाले होते. मुनजी तिला ईदला पाकीट द्यायचा. ती ते उघडायच्या आधीच त्याच्या मुलीच्या हातात कोंबायची. तिनं भावाकडून आयुष्यात एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे बस. तीही तिकीट काढून.

"खुया, भावा, आज येतेय का?"

"लल्ला, आज जरा बिघाड आहे. इन्शाल्लाह उद्या."

"बरं. होतं असं, जुन्या गाड्या. इथं शेजारचा तो म्हातारा काका, अम्मी सालेह, म्हणतोय, लाइन बंद केली म्हणून. मी म्हटलं, बंद केली असती तर माझ्या भावानं मला सांगितलं असतं ना? तो काय परका आहे?"

"हं."

"तू जेवत जा वेळेवर. आवाज बसलाय तुझा."

मुनजीनं रिसीव्हर ठेवला. सुआद वाटीत बघत म्हणाली, "मी काही ऐकलं नाही."

"ऐकलंस."

"ऐकलं. पण मी सांगू का, भाकऱ्या कुठं जातात त्यांच्या? टेकडीवर तर घरटी भट्टी आहे. तिथं कोण विकत घेणार?"

मुनजीला ते माहीत होतं. गेल्या खेपेस तो वर गेला होता तेव्हा अंगणात शिळ्या भाकऱ्यांचे तुकडे वाळत घातलेले होते. "बकरीला," ती म्हणाली होती. तिच्याकडे बकरी नव्हती.

त्या दिवशी दुपारी वर्कशॉपमधला मिस्त्री, उस्ता फरहात, आला. हात ग्रीजनं माखलेले, चेहरा बाळंतपण उरकून आलेल्या सुईणीसारखा.

"सी मुनजी, चला. एक गंमत दाखवतो."

आवारात एक गाडी घुरघुरत उभी होती. दरवाजा पिवळा, अंग पांढरं, पुढचा बंपर कुठल्या तरी तिसऱ्याच रंगाचा.

"तिघींची मिळून एक केलीय," फरहात म्हणाला. "तिघींपैकी कुणालाच ओळखू येणार नाही. पण चढ चढेल. चढवून बघितलीय."

"कुठपर्यंत टिकेल?"

"तुम्ही मला नवीन गाडी दिलीत कधी, हमी मागायला?"

संचालक सी मुख्तार खिडकीत आले होते. वरूनच म्हणाले, "एक गाडी जास्तीची झाली ना? कुठं लावायची ते तू बघून घे."

मुनजीनं त्या तीनरंगी गाडीकडे पाहिलं, आणि सबंध वर्षात पहिल्यांदा त्याला बघून घ्यायला बरं वाटलं. एक गाडी म्हणजे लाइन नव्हे. पण सकाळी एक खेप आणि संध्याकाळी एक खेप, एवढं तर होईल. कुणाला विचारायला नको, कारण कागदावर एकतीस चालूच होती.

त्यानं ऑफिसात येऊन स्वतः फोन लावला.

"लल्ला, उद्या सकाळी बस येईल."

"इन्शाल्लाह."

"इन्शाल्लाह नाही, लल्ला. येईल. गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभी आहे."

ती कडक आवाजात म्हणाली, "इन्शाल्लाह म्हण रे. असं बोलू नये."

"म्हणत नाही. येणार म्हणजे येणार."

ती हसली. मोठ्यानं, पूर्वीसारखी. आणि तिनं फोन ठेवायच्या आधीच दारातून कुणाला तरी ओरडून सांगितलेलं त्याला ऐकू आलं: "अम्मी सालेह! माझ्या भावाचा फोन! या आता सकाळी, बघते तुम्हाला!"

सुआद लबलाबीची रिकामी वाटी उगाच पुसत होती.

"काय?"

"काही नाही. इन्शाल्लाह म्हणायला काय जात होतं?"

"रोज म्हणतो, सुआद. त्या शब्दावर आता त्या टेकडीवरचं शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. तिला खरं वाटायला हवं होतं."

सकाळी मुनजी नेहमीपेक्षा लवकर डेपोत आला. तीनरंगी गाडी फाटकाशी तयार होती. लमीन नावाचा ड्रायव्हर, स्वतः टेकडीवरचाच, पाटीवरचा एकतीसचा आकडा फडक्यानं पुसत होता. पुसून झाल्यावर पुन्हा पुसत होता.

"आईला सांगितलंय, दारात उभी राहा म्हणून," तो म्हणाला.

"हॉर्न वाजवशील."

"हॉर्न नाहीये, सी मुनजी. तो चौथ्या गाडीत गेला."

दोघं हसले. तेवढ्यात वायरलेस खरखरला. इस्पितळाची पहिली गाडी पुलावर बंद पडली होती. आत मूत्रपिंडाचे रुग्ण होते, मशीनवर बसायची त्यांची पाळी सकाळचीच असते. ड्रायव्हर सांगत होता, एक बाई खाली बसलीय, लोक टॅक्सी थांबवतायत, टॅक्सीवाले थांबत नाहीयेत. दुसरी गाडी पाठवा. मागून कुणीतरी ओरडत होतं, बहुतेक त्या बाईचा मुलगा.

दुसरी गाडी नव्हती. जी होती ती फाटकाशी, एकतीसची पाटी लावून.

मुनजीनं फार वेळ घेतला नाही. तेच नंतर त्याला सगळ्यात जास्त लागलं. तो गाडीजवळ गेला.

"लमीन, पुलावर घे."

लमीननं त्याच्याकडे पाहिलं. मग पाटी काढली, उलटी करून सीटमागे टाकली, आणि गाडी डावीकडं वळायची ती उजवीकडं वळवली.

मुनजी ऑफिसात आला. फोन समोर होता. आता सांगायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. पण वर काय चाललं असेल तेही डोळ्यांसमोर येत होतं: थांब्यावरचा बाक, गरम टोपल्या, अम्मी सालेह, इतर सगळे, आणि मधे दलेंदा, सफसारीची पांढरी चादर डोक्यावरून अंगावर नीट ओढून घेतलेली, रस्त्याकडं बघत. फोन तिच्या घरात असणार, ती थांब्यावर. तो हिशेब त्याला सोयीचा वाटला. त्यानं फोन केला नाही.

ती आली तेव्हा ऊन चढलं होतं. आधी फाटकावरच्या पहारेकऱ्याचा आवाज आला, "या, या, लल्ला, बसा आधी," आणि मग ती आवारात दिसली. दोन्ही हातांत टोपल्या, सफसारी कमरेला खोचलेली, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. सबंध टेकडी उतरून ती चालत आली होती.

मुनजी धावत बाहेर गेला. "लल्ला, अगं—"

"थांब. आधी हे संपू दे. गरम होत्या, आता कोमट झाल्यात. आजच्यासाठी दुप्पट केल्या होत्या." तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. "या रे, घ्या. तू फरहात ना? घे बाबा, हात राहू दे तसाच, भाकरीला काही होत नाही. तूही घे गं मुली. फोनवर तूच असतेस ना? आवाज गोड आहे तुझा."

ड्रायव्हर, मेकॅनिक, पहारेकरी, सगळे भाकरी हातात घेऊन उभे राहिले. कुणी खाईना. सुआदनं तोडलेला घास तसाच मुठीत धरला.

दलेंदानं हात झटकले आणि भावाकडं पाहिलं.

"आता एकच सांग. एकतीस आहे की नाही?"

वर खिडकीत सी मुख्तार आले होते. तेही ऐकत होते.

"नाही, लल्ला."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा बिघाड सांगितला, त्या दिवसापासून."

तिनं मान हलवली, बाजारात एखाद्यानं भाव सांगावा आणि तो पटावा तशी.

"गाड्या कुठं गेल्या?"

"इस्पितळाकडं."

"मग बरोबर केलंस," ती म्हणाली. "आजारी माणसं. हे सांगितलं असतंस तर मीच टेकडीवर सगळ्यांना सांगितलं असतं. माझं ऐकतात तिथं." जरा थांबून तिनं दुरुस्ती केली. "ऐकत होते."

फरहात पाठ करून उभा राहिला.

"चल, संचालकांच्या गाडीतून सोडतो तुला."

"आणि बाकीच्यांना? थांब्याथांब्यावर बसलीत माणसं, येताना बघत आले. सगळ्यांना आणशील त्या गाडीतून?" तिनं सफसारी सोडून पुन्हा डोक्यावर घेतली. लहान टोपली उचलली, मोठी तिथंच ठेवली. "ही राहू दे. बाजाराची होती. घरापुरती मला एवढी पुरते."

"लल्ला..."

"जेवत जा," ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली. पहारेकऱ्यानं उठून तिला वाट दिली, संचालक येतात तेव्हा उठतो त्यापेक्षा लवकर.

दुपारी फोन वाजला. सुआदनं हात पुढं केला, त्याआधी मुनजीनं उचलला.

"एकतीस? नाही. बंद आहे... नाही, बिघाड नाही. बंद केलीय... नाही, उद्याही नाही."

सुआद त्याच्याकडं बघत राहिली. "सी मुनजी, वरून विचारतील, कुणी सांगितलं म्हणून."

"सांग, वाहतूक प्रमुखानं."

"काढतील तुम्हाला."

"काढू देत. मग तू बघून घे."

ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. या वेळी भत्त्याची गोष्ट तिनं काढली नाही.

उन्हं कलल्यावर मुनजीनं रिकामी झालेली मोठी टोपली उचलली आणि तो निघाला. टेकडीकडं जाणारं वाहन नव्हतं, हे शहरात त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? चढ त्यानं आयुष्यभर नकाशावर, नाहीतर गाडीच्या काचेतून पाहिला होता. पायांना तो वेगळाच लागला. पहिल्या थांब्यावर दोन बाया होत्या. त्यानं त्यांना सांगितलं. एकीनं शिवी दिली, दुसरीनं पिशव्या उचलल्या. पुढच्या थांब्यावर कुणी नव्हतं, त्याच्या पुढच्यावर शाळेच्या मास्तरीणबाई होत्या. त्यांनी "सांगितलंत, बरं झालं" म्हटलं आणि त्या चालू लागल्या. त्यांचे आभार त्याला शिवीपेक्षा जड गेले.

अर्ध्या चढावर, जिथून खाली बंदराच्या क्रेन दिसतात, त्या थांब्यावर एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मुनजीला दम लागला होता. टोपली त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हाज बाबा, एकतीस येणार नाही. बंद झालीय."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या टोपलीकडं.

"वर जायचंय?"

"हो. बहिणीकडं."

म्हातारा उठला नाही. थोडा सरकला, काठी दुसऱ्या बाजूला घेतली, आणि बाकावर त्याच्यासाठी जागा केली.