निळा पोशाख

नर्सिंगला प्रवेश हवा तर आधी बीजगणित पास व्हावं लागतं, आणि मी त्यात दोनदा आपटले. पण हे घरी सांगणार कोण? माझ्या नवऱ्याने, ड्वाइटने, चर्चच्या जेवणात उभं राहून जाहीर केलं होतं, "आमची वर्ना नर्स होतेय!" लोकांनी टाळ्या पिटल्या, केक कापला. मग काय, दर मंगळवारी नर्सचा निळा पोशाख चढवून मी कॉलेजात जाते आणि मागे बसून 'क्ष'ची किंमत शोधते.

काल पुढच्या खुर्चीवरची पोरगी धाडकन खाली पडली. सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

"मावशी, तुम्ही नर्स ना? बघा की लवकर!"

नाडी बघायची की पाणी शिंपडायचं, तेही मला कळेना. मी नुसती तिचा हात धरून बसले. आमच्या कोवाल्स्की सरांना माझे दोन्ही निकाल ठाऊक होते. त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पोरीने डोळे उघडले. "सकाळपासून उपाशी होते हो. बरं झालं, तुम्ही होतात."

"अगं, माझं कामच आहे ते," मी म्हणाले. सरांनाही ऐकू गेलं.