छबुबाईनं मागितलेलं पंक्चर

छबुबाईच्या प्रार्थनेला गुण होता, हे घाटनांदूरजवळच्या त्या वस्तीत सगळेच मानत. लेकरू तापलं, म्हैस आटली की ख्रिस्ती नसलेली माणसंही येऊन म्हणत, "बाई, तुमच्या देवाला जरा सांगा." खोड एकच होती. छबुबाई देवाला नुसतं मागत नसे, काम कसं करायचं तेही समजावून सांगे. कुणाची सोयरीक जुळावी म्हणून प्रार्थना करताना पाहुण्यांनी कोणत्या एसटीनं यावं, इथपर्यंत ती पोचायची. चर्चचे पाळक पंडितराव हसून म्हणायचे, "बाई, देवाला थोडं त्याच्या मनानंबी करू द्या."

या वर्षी मात्र तिचाच जीव टांगणीला लागला होता. गेल्या वर्षी साथ आली आणि तिच्या नवऱ्याच्या, बंकटच्या, शेळ्या पटापट मेल्या. एकटी चंद्री उरली, तीही गाभण आणि आजारी. गोठ्यात उभं राहून छबुबाई नवस बोलली, "बापा, हिला जगव. हिचं पहिलं करडू तुझं."

चंद्री जगली. बंकटनं मात्र बाज धरली. त्याचा जुना मित्र धुळाजी, शेळ्यांचा व्यापारी, भेटायला आला आणि बोलून बसला, "लस टोच म्हनलं होतं बे तुला." खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. बंकटनं भिंतीकडं तोंड फिरवलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मग चंद्री व्याली. करडू मादी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि जन्मजात आगाऊ. चार दिवसांत ते बाजेवर चढलं आणि बंकटची मिशी चावू लागलं. बंकट उठला. करडाला घेऊन बांधावर जाऊ लागला, त्याच्याशी बोलू लागला, भाकरी मागून खाऊ लागला. छबुबाईला आनंद झाला आणि लगेच धडकीही भरली. करडू तर देवाला बोललेलं.

त्यांच्या मंडळीत हंगामाच्या सणाला पहिलं पीक, पहिली कोंबडी, पहिलं करडू देवापुढं आणतात. उपासना झाली की तिथंच लिलाव होतो, आणि गावातली हिंदू माणसंही हौसेनं बोली लावतात. धुळाजी दर वर्षी यायचा. त्याच्या हाती लागलेलं जनावर पुढच्या बाजारात जायचं, आणि बाजारातून कुठं जायचं हे कुणाला सांगायला नको.

नवस मोडणाऱ्यातली छबुबाई नव्हती. देवाला वाट दाखवणाऱ्यातली मात्र होती. सणाच्या सकाळी तिनं चुलीपाशी गुडघे टेकले. "बापा, करडू तुझं हाय, मी न्हाई म्हनत न्हाई. पर ते पाळकसाहेबांच्याच घरी जाऊ दे, म्हंजी ह्यांना रोज बघाया मिळंल. धुळाजीला तेवढं येऊ देऊ नको. त्याची गाडी पंक्चर कर. त्याला लागू देऊ नको, नुस्तं चाक बसव."

बंकटनं स्वतः करडू खांद्यावर घेऊन चर्चमध्ये आणलं, वेदीपुढं ठेवलं आणि मागच्या भिंतीला टेकून खाली मान घालून बसला. लिलावात भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. धुळाजीचा पत्ता नव्हता, हीच काय ती आशा. पंडितरावांनी करडू पुढं घेतलं आणि तेवढ्यात काळे झालेले हात पुसत धुळाजी दारात आला.

"अंबाजोगाईला लग्नाला निघालतो," तो म्हणाला, "बरुबर तुमच्या फाटकासमोर चाक बसलं. पंक्चरवाला गेलाय जेवायला."

छबुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. धुळाजीनं करडू पाहिलं आणि बोली लावली. त्याच्यापुढं कुणाचा टिकाव लागेना. छबुबाईनं डोळे मिटले. देवाला सुचवायला तिच्यापाशी आज काहीच उरलं नव्हतं. "तुझ्या मनाला यील तसं कर, बापा," ती पुटपुटली, आणि तिला रडू फुटलं.

लिलाव सुटला. धुळाजीनं करडू उचललं, कान पाहिले, पाठीवरून हात फिरवला.

"राखलं कुनी ह्ये?"

कुणीतरी बंकटकडं बोट दाखवलं. धुळाजीनं जाऊन करडू बंकटच्या मांडीवर ठेवलं.

"अर्धलीनं सांभाळ. जनावर माझं, राखन तुझी. व्यालं की अर्धी पिल्लं तुझी, अर्धी माझी. सोबतीला माझ्या चार शेळ्या उद्या आनून बांधतो." बंकटनं करडाला नीट मांडीवर घेतलं. "कावून बे, अजून बोलत न्हाईस? त्या दिशी तसं बोलाया नको होतं मी."

करडानं बंकटच्या मिशीला तोंड लावलं. त्यानं ते हळूच बाजूला केलं.

"लस कोन टोचनार?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरला मी आनतो. तू धर."

शेवटी पंडितरावांनी छबुबाईला उपकारस्तुतीची प्रार्थना करायला सांगितलं. ती उभी राहिली. तिनं डोळे मिटले.

"बापा," ती म्हणाली, "पंक्चर म्या मागितलं. ते कुठं करायचं, ते तेवढं सांगायचं राहून गेलं. लई बरं झालं."

सगळी मंडळी हसली. मागून धुळाजी म्हणाला, "वैनी, मग पंक्चरवाल्याला बी लवकर धाडाया सांगा की."

छबुबाईनं डोळे उघडले नाहीत.

"ते त्याच्या मनानं करंल," ती म्हणाली.