चुरगळलेली केंद्रकं

"काचपट्ट्यांचा हा सगळा लॉट फेकून द्या," प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच म्हणाल्या. "पेशींची केंद्रकं नुसती चुरगळलीत. रंग देताना गडबड केलीत तुम्ही."

ताईंनी काचपट्ट्यांचा ट्रे जवळ ओढला. कर्करोगाच्या पेशी रंगवून काचपट्ट्या तयार करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत सगळे त्यांना रंगारीताईच म्हणत. हा लॉट म्हणजे दीड वर्षाची मेहनत.

"बाई, निरोगी पेशीही याच रंगात बुडवल्या होत्या. त्यांची केंद्रकं कशी गोल गरगरीत?"

"मग?"

"पेशीला आकार देणारे तंतू असतात ना आत, तेच ओढताहेत केंद्रकाला. रोगट पेशीत त्याचं आवरण लेचंपेचं झालंय, ताण सोसवत नाही. सुरकुत्या बघा, तंतूंच्याच दिशेनं आहेत."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "शुक्रवारपर्यंत दाखवून द्या."

ताईंनी कंबर कसली. त्याच रोगट पेशी दोन ताटल्यांत वाढवल्या, एकीत तंतू सैल करणारं औषध घातलं. घरी जेवणात लक्ष लागेना.

"एवढं काय जिवाला लावून घेतेस? तू थोडीच डॉक्टर आहेस?" नवरा म्हणाला.

"नाही ना. पण अहो, माझा हात चुकला असता तर मला कळलं नसतं?"

शुक्रवारी त्यांनी वीस काचपट्ट्या मांडल्या. कुठली कशाची, ते वहीत लिहून वही मिटून ठेवली. "आता तुम्हीच ओळखा, बाई."

मोठ्या बाई एकेक पट्टी बघत गेल्या. चुरगळलेली. गोल. पुन्हा गोल. औषध दिलेल्या वाटल्या त्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे. मग वही उघडली आणि त्या खुर्चीवरून उठल्याच.

"वीसपैकी वीस! अहो, तंतू सैल झाले आणि केंद्रकं सावरली!" त्यांचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला. सगळी प्रयोगशाळा धावत आली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ताईंना मिठीच मारली.

"त्या दिवशी मी फार बोलले," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही बघायला तयार झालात, हेच पुष्कळ," ताई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी भरल्या सभागृहात पडद्यावर त्या केंद्रकांची चित्रं झळकली. "हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं, त्या इथे बसल्यात," मोठ्या बाईंनी सांगितलं. ताई उठल्या. चारचौघांत एरवी पदराआड जाणारी, रंगानं जांभळी झालेली बोटं आज त्यांनी लपवली नाहीत. हात जोडून त्या ताठ उभ्या राहिल्या.