धाकटीच्या माश्या

थोरलीच्या नाकावर माशी बसलेली कुणी कधी पाहिली नव्हती, पण तिच्या टोमॅटोंवर मात्र पांढऱ्या माश्यांनी तळ ठोकला होता. झाडाला जरा धक्का लागला की पिठाची चाळण झटकावी तसा थवा उठायचा, आणि त्याबरोबर थोरलीचं डोकंही.

काचघर सासऱ्यांचं. गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी ते थोरल्या सुनेच्या हवाली केलं आणि तिनं ते पंपाच्या आणि तोंडाच्या जोरावर चालवलं. मग धाकटी सून आली, किड्यांवर चार बुकं शिकून. "या माशीला आता औषधाची सवय झालीय, मामंजी," असं तिनं पहिल्याच महिन्यात भर जेवणात सांगितलं. थोरलीचा घास हातातच राहिला.

सासरे पक्के. त्यांनी मधल्या वाटेवरून काचघर दोघींत वाटून दिलं. हंगाम संपताना जिची बाजू निरोगी, तिच्याकडे किल्ली. दुसरीनं तिच्या हाताखाली राबायचं. दोघींच्या नवऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही ते बरंच वाटलं.

हाताखाली! त्या कालच्या पोरीच्या! थोरलीनं दर शनिवारी फवारा मारायला सुरुवात केली.

धाकटीनं मागवल्या गांधीलमाश्या. थोरलीनं आधी पदर तोंडावर घेतला, मग हसून हसून बेजार झाली. पुठ्ठ्याच्या पट्टीवर नुसते ठिपके. त्यातून निघायच्या त्या माश्या डोळ्यांना जेमतेम दिसायच्या, आणि माणसाला चावायच्याही नाहीत.

"ही पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते," धाकटी सासऱ्यांना भिंग देऊन दाखवत होती. "अळी त्याला आतून खाते. पिल्लू काळं पडतं. मग त्यालाच भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर येते."

"आयत्या बिळावर नागोबा," थोरली वाटेपलीकडून म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात शिरायचं, आतून पोखरायचं आणि मालकीण व्हायचं. जमतं बाई एकेकीला."

"किडलेल्या घरातच शिरतात त्या, जाऊबाई."

सासऱ्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

टोमॅटोची खालची पानं वेळोवेळी खुडावी लागतात. थोरली ती लगेच बाहेर फेकायची. तिची बाजू ताटासारखी लख्ख. धाकटी मात्र खुडलेली पानं झाडांखालीच पसरून ठेवायची. "उकिरडा केलाय नुसता," थोरलीनं तक्रार केली, तेव्हा धाकटी सासऱ्यांना म्हणाली, "त्या पानांवर काळी पिल्लं आहेत. पानं बाहेर टाकली तर माझी सगळी फौजच बाहेर जाईल." दोऱ्या बांधता बांधता थोरलीनं ते ऐकून घेतलं.

एकदा काचघरात कुणी नसताना तिनं धाकटीचं एक झाड हलवून बघितलं. काही उडालं नाही. दुसरं हलवलं, तिसरं हलवलं. घरात सगळ्यांचा डोळा लागल्यावर, भर दुपारी, तिनं धाकटीची ती खुडलेली पानं टोपल्यांत भरली आणि आपल्या बाजूला कुंड्यांच्या मागे, कुणाला दिसणार नाहीत अशी दडपली. तिच्या झाडांवर शनिवारचं औषध होतं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. वास गेला की औषध संपलं, हा तिचा हिशेब.

गांधीलमाश्या निघाल्या, थोरलीच्या पानांवर बसल्या आणि मेल्या. एवढ्या बारीक जिवांचं मरण कुणाला दिसणार? पांढऱ्या माश्या तेवढ्या वाढत गेल्या. थोरलीची बाजू त्यांनी व्यापली आणि मग वाट ओलांडली. पलीकडे त्यांना अडवायला पुरेसं कुणी उरलं नव्हतं. पानं गेलेली दिसल्यावर धाकटीनं नव्या पट्ट्या लावल्या, पण तोवर उशीर झाला होता.

हंगाम संपला. सासऱ्यांनी काठीनं दोन्हीकडची झाडं हलवली. दोन्हीकडून थवे उठले.

"हिच्या झाडांखाली पानं होती, ती कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"फेकली मी," थोरली म्हणाली. "किती दिवस ती घाण बघायची?" हिच्या माश्यांवर आपला विश्वास बसला होता, हे सांगण्यापेक्षा तिनं जीव दिला असता.

धाकटीचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. "दोन्हीकडे सारखंच वाटोळं," ते म्हणाले. "मग आहे तेच चालू दे." त्यांनी किल्ली थोरलीच्या हातात ठेवली आणि काठी टेकत निघून गेले.

धाकटी आपल्या पाण्याची नळी गुंडाळत थोरलीच्या बाजूला आली आणि वाकली ती वाकलेलीच राहिली. कुंडीमागून तिनं एक वाळकं पान काढलं. त्यावर काळे ठिपके होते आणि प्रत्येकाला गोल भोक होतं. तिनं थोरलीकडे पाहिलं.

थोरलीला वाटलं, आता ही सासऱ्यांना हाक मारणार. तिनं हाक मारली नाही.

"फवारलेल्या झाडांखाली ठेवलीत," धाकटी म्हणाली. "एकही जगली नसेल."

थोरलीच्या हातात किल्ली होती आणि डोक्यावर माश्यांचा ढग. पुढच्या हंगामातही त्या असणारच होत्या. तिनं घसा खाकरला.

"कुठून मागवतेस गं त्या?"

"कसल्या?"

थोरलीचे कान तापले. "गांधीलमाश्या."

"माझ्या होत्या तेव्हा न विचारता घेतल्यात," धाकटी म्हणाली. "आता विचारताय, तर देत नाही. आणि सांगतही नाही."

तिनं ते पान थोरलीच्या हातात दिलं आणि नळी खांद्यावर टाकून निघून गेली. थोरलीनं तिला एक सणसणीत शिवी द्यायला तोंड उघडलं, पण शिवी सुचेना. या घरात आल्यापासून धाकटीचं एक बोलणं तिला पहिल्यांदाच पटलं होतं. धाकटीच्या जागी थोरली असती, तर तिनंही सांगितलं नसतं.