शिडीखालचा टब

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. आंघोळीचा टब, हे मुद्दाम सांगतो, कारण आज माझ्याकडे पाहून तसे कोणी म्हणणार नाही. माझ्या अंगावर पूर्वी पिवळी बदके होती. आता त्यातले एकच उरले आहे आणि त्याचीही चोच झिजून गेली आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे काही आहे, ते बहुतेक सगळे घाणीबद्दलच आहे. तेव्हा कोणाचे जेवण चालू असेल तर आधी उरकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले निळे प्लास्टिक साच्यात गेले आणि मी गरमागरम बाहेर पडलो. एका बाईने चाकूने माझ्या कडा सारख्या केल्या आणि बदके चिकटवली. दुकानात मला वरच्या फळीवर जागा मिळाली. खालच्या फळीवर फरशी पुसण्याच्या बादल्या होत्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

एके दिवशी एक वायरमन आणि त्याची बायको दुकानात आली. तिचे दिवस भरत आले होते. तिने माझ्या आतून हात फिरवला, कुठे काही टोचते का ते पाहिले आणि ती म्हणाली, "हाच घेऊ या." त्या घरात माझे फार लाड झाले. कोमट पाणी, मऊ साबण, आणि माझ्यात बसलेली एवढीशी मुलगी. तिचे तळवे माझ्यावरच्या बदकांएवढेच होते. ती पाय इतके झाडायची की तिच्याबरोबर आईचीही आंघोळ होऊन जायची. म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले.

पण भिंगरी मोठी झाली आणि माझी घसरगुंडी सुरू झाली. आधी माझ्यात लादी पुसायची फडकी भिजली. मग रंगाचे ब्रश. मग कोणीतरी ओकून ठेवलेले पांघरूण. एकदा तर वायरमनसाहेबांनी, म्हणजे भिंगरीच्या बाबांनी, आठवडाभर घातलेले कामावरचे मोजे माझ्यात भिजत टाकले आणि चक्क विसरून गेले. त्या मोज्यांबद्दल मी अधिक बोलणार नाही. शेवटी माझी रवानगी घरामागच्या नळाखाली झाली. तिथे माझ्यात पाने कुजली, डासांची पिल्ले वळवळली. एक गोगलगाय तर रोज माझ्या अंगावरून फिरायला जायची. जाताना ती मागे काय ठेवून जाते हे तुम्हाला ठाऊकच असेल. घरात कोणाला म्हणून त्याची शिसारी येत नव्हती. ती मला एकट्यालाच येत होती.

मग भिंगरीने मागच्या भिंतीवरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आले. कुबड्या घेऊन ती मागच्या पायरीवर येऊन बसायची. नुसती बसलेली भिंगरी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

प्लास्टर काढले त्या दिवशी तिची आई माझ्याजवळ आली, तिने मला खसाखसा घासले आणि माझ्यात कोमट पाणी ओतले. इतक्या वर्षांनी कोमट पाणी! डॉक्टरांनी पाय भिजवायला सांगितला होता. भिंगरी पायरीवर बसली आणि तिने पायावरचा टॉवेल काढला. तो पाय काठीसारखा बारीक झाला होता. त्यावर पिवळट, कोरड्या कातडीचे पापुद्रे सुटले होते, आणि डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्याला येतो तसा वास येत होता. तिचा आतेभाऊ शेजारीच उभा होता.

"शी!" तो ओरडला. "हा काय पाय आहे? सडलाय का? मला उलटी येईल!"

"ए, गप रे!" आई म्हणाली. पण बोलायचे ते बोलून झाले होते.

भिंगरीने पाय पुन्हा टॉवेलात गुंडाळला. "मला नाही भिजवायचा," ती म्हणाली. "ने तो टब इथून." पाणी माझ्यातच गार झाले आणि संध्याकाळी झाडाला गेले. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, किळस मलाही आली होती. पण मी टब आहे. तोंड उघडे असूनही मी बोलत नाही, हा माझ्यातला एक गुण आहे.

त्यानंतर भिंगरीने त्या पायात लांब मोजा चढवला तो चढवलाच. ऐन उन्हाळ्यात, घामाने ओलाचिंब झाला तरी काढेना. आईलाही पाय धुऊ देईना. पाय जमिनीला टेकवणे तर दूरच राहिले.

व्यायाम घेणाऱ्या ताई घरी यायच्या. त्या एकदा पायरीवर उभ्या राहून आईबाबांना म्हणाल्या, "हाड जुळलंय. भीती बसलीय, ती काही सुटत नाहीये. तिला पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार कमी होतो. पण आत्ताच करा. गुडघा असाच राहिला तर कायमचा आखडेल."

"पोहायच्या मोठ्या तलावावर नेऊ?" बाबांनी विचारले.

"मी नाही येणार," आतून आवाज आला. "तिथे सगळे बघतील."

म्हणून बाबांनी घरीच तलाव आणला. जमिनीवर उभा करायचा, लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि आत जाड प्लास्टिक, असा छोटा तलाव. घरात सगळे त्याला कौतुकाने पूल म्हणायचे. मी हौदच म्हणतो. नीट पाहिले तर तोही एक टबच होता. फरक इतकाच की तो नवा होता आणि त्याला खोक्यातून काढताना सगळे जण सांभाळून, हळू, असे म्हणत होते. मला कधी कोणी हळू उचललेले नाही.

त्या हौदाची तयारी म्हणजे माझ्या हालांची परिसीमा होती. आधी जमीन साफ करायची म्हणून दगड, मुळ्या, काचा असे सगळे माझ्यात भरून फेकले गेले. मातीबरोबर गांडुळे आली. एक पांढरी, लठ्ठ अळी आली. कुजलेला बूट आला आणि बुटात राहणारे कुटुंबही आले. मी डोळे मिटून घेतले असते, पण ते माझ्याकडे नाहीत.

बाबांना घाई फार होती. त्यांनी नजरेनेच जमीन पाहिली, सपाट आहे असे ठरवले, सांगाडा उभा केला आणि पाणी सोडले.

"अहो, पाणी एका अंगाला का चाललंय?" आईने विचारले.

"तुला तसं वाटतंय."

दुपारपर्यंत हौदाला एका बाजूने पोट सुटले. त्या बाजूचे सांगाड्याचे पाय मातीत रुतले आणि तिथल्याच कडेवरून पाणी सांडू लागले. पायरीवरून भिंगरी सगळे पाहत होती. "राहू दे ना बाबा," ती म्हणाली. "नाही तरी मी उतरणारच नव्हते." ते ऐकून बाबा ताडकन उठले. ते गेले आणि कामाच्या पिशवीतून जमिनीची पातळी बघायची लेव्हल घेऊन आले.

हौद रिकामा झाला. तळातला चिखल माझ्याच अंगाने उपसला गेला, हे सांगायला नको. मग बाबांनी सरळ फळीवर लेव्हल ठेवून पाहिले, उंच बाजू खणून खालच्या बाजूच्या बरोबरीला आणली, वाळू चाळून पसरली, दाबली आणि वर जाड ताडपत्री घातली. आईने घोट्यापर्यंत पाण्यात उतरून तळाच्या सुरकुत्या पायांनी सारख्या केल्या. पुन्हा पाणी भरले. पाणी शुद्ध करायच्या औषधाची पावडर आधी माझ्यातल्या पाण्यात विरघळवली आणि मग हौदात सोडली. तो उग्र वास माझ्या अंगाला चिकटला तो धुतला तरी जाईना. पाणी गाळणारा पंप दिवसरात्र घुरघुरत राहिला. आई रोज कागदाची पट्टी पाण्यात बुडवून डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायची आणि अजून नाही म्हणायची. शेवटी एका संध्याकाळी तिने पट्टी बाबांना दाखवली आणि दोघेही हसले. पाणी इतके स्वच्छ झाले होते की तळाशी पडलेले नाणेही दिसले असते. येणारे-जाणारे त्या हौदाची तारीफ करत होते. चिखल कोणी उपसला, हे कोणी विचारले नाही.

भिंगरी एकटी उतरणार नाही, सगळे असले म्हणजे तीही उतरेल, असे वाटून आईने आत्याच्या घरच्यांना बोलावले. आणि मला उचलून थेट हौदात चढायच्या शिडीच्या तळाशी ठेवले.

"पाय धुतल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही," तिने सांगून टाकले. "कोणी म्हणजे कोणीच नाही."

"अहो वहिनी, पाण्यातच तर जायचंय," आतोबा म्हणाले. "तिथे धुतले जातील की."

"म्हणूनच आधी धुवायचे."

मित्रांनो, माणूस चेहरा घासतो, केस विंचरतो, अत्तर लावतो. पण खरा माणूस पाहायचा असेल तर शिडीखाली बसावे लागते. पहिले पाय बाबांचे. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतून मोज्यांचा काळा लगदा निघाला. जुनी ओळख होती आमची. मग आत्या. तिच्या नखांवर सुरेख लाल रंग होता आणि टाचेच्या भेगांत जन्माची माती होती. आतोबांनी पायाला तेल चोळले होते आणि त्या तेलावर अख्ख्या अंगणाची धूळ बसली होती. पाण्यावर तेलाचा थर आला. शेवटी आतेभाऊ आला. त्याच्या टाचेला चिकटलेले च्युइंगगम सुटून माझ्या बुडाशी गेले आणि अंगठ्यावरची जुनी पट्टी पाण्यावर तरंगू लागली. मध्ये पाणी बदलायला कोणाला सवड झाली नाही. जो तो पाय बुचकळायचा आणि पळायचा. वर पाण्यात खिदळणे चालले होते आणि खाली मी ते सगळे पोटात घेऊन बसलो होतो.

भिंगरी पायरीवरच होती. मोज्यासकट.

"ए, ये ना!" आतेभाऊ पाण्यातून ओरडला. आपण काय बोललो होतो ते तो विसरूनही गेला होता. बोलणारे विसरतातच.

"मी नाही येत. माझा पाय घाण आहे."

हसणे थांबले. बाबा काही बोलणार होते, पण आईने त्यांना हातानेच थांबवले. "बरं, नको येऊस," ती म्हणाली. "पण हा टब ओतायला तरी हात लाव. मला एकटीला नाही उचलत."

भिंगरी कुबडी घेऊन आली आणि तिने माझ्यात वाकून पाहिले. मला मान असती तर ती शरमेने खाली गेली असती. तिने इतक्या जवळून मला पाहिले ते लहानपणानंतर आताच, आणि तेही असे.

"शी!" ती किंचाळली. "ई, काय आहे हे? बाबा, हे तुमच्या मोज्यांचं! आणि हे तेल कोणाचं? शी शी शी! च्युइंगगम? च्युइंगगम कोणाच्या पायाला असतं?"

पाण्यातले चौघेही चार दिशांना पाहू लागले.

"ते... चिकटलं होतं," आतेभाऊ म्हणाला.

"कधीपासून?"

"काय माहीत."

"आणि मला म्हणतो सडलाय का!"

आतेभावाचे कान लाल झाले. तो गळ्यापर्यंत पाण्यात बुडाला. भिंगरी आधी रागावली होती, मग तिला हसू आवरेना. किती दिवसांचे ते साठलेले होते कोण जाणे. हसून हसून ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली आणि तिने मोजा ओढून काढला. वास आला. पण शी म्हणायला कोणाला तोंडच उरले नव्हते.

"आई, पाणी बदल," ती म्हणाली. "यांच्या घाणीत मी नाही माझा पाय घालणार."

आईने मला ओतले, खळखळून विसळले आणि ताजे पाणी घातले. मग तो पाय माझ्यात आला. तीच टाच, मोठी झालेली. आई हलक्या हाताने चोळत होती आणि पापुद्रे सुटून पाण्यावर येत होते. पाणी करडे झाले. ते सुंदर होते असे मी म्हणणार नाही. घाण ती घाणच. पण पापुद्र्यांखालून नवी, गुलाबी कातडी निघत होती आणि ती मला ओळखीची वाटली.

"मी चोळू?" आतेभावाने कडेवरून विचारले.

"आधी हात धू," भिंगरी म्हणाली.

आणि मग शिडी चढायची म्हणून तिने दुसरा पायही माझ्यात ठेवला, दांडी धरली आणि ती उठली. कुबडी बाजूला गवतात पडली होती. ते तिच्या लक्षात आले नाही. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते, म्हणून त्यांच्याही लक्षात आले नाही. ते फक्त मला कळले. माझ्या बुडावर दोन टाचा होत्या. आधी एकच जड होती. मग दुसरी हळूहळू जड होत गेली, आणि एका क्षणी दोन्ही सारख्या झाल्या.

"अगं," आई हळूच म्हणाली, "उभी आहेस तू."

भिंगरीने खाली पाहिले. ती घाबरली, पण पाय तिथेच राहिला. मग तो पुढच्या पायरीवर गेला, त्याच्या पुढच्या पायरीवर गेला, आणि नंतर मला नुसता पाण्याचा आवाज आला.

मित्रांनो, त्या गडबडीत मला ओतायचे सगळे विसरले. ते करडे पाणी माझ्यात तसेच आटले आणि बुडाशी डागाचे काळपट कडे बसले. ते आजही आहे. भिंगरी आता धावते आणि पाय धुवायला विसरते. पण तेव्हा, पाणी आटल्यावर एका सकाळी, ती कुबडीशिवाय लंगडत आली होती आणि बराच वेळ घासणीने ते कडे घासत बसली होती. ते निघाले नाही. "राहू दे," ती मला म्हणाली, "माझंच आहे."

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. घाणीला शी म्हणा, खुशाल म्हणा. मीही रोज म्हणतो. पण ती ज्याच्या अंगावर आहे त्याला म्हणू नका. आणि पाय धुऊन झाले की टब लगेच ओता, विसळा आणि उन्हात पालथा घाला. त्या गोगलगाईचा अजून माझ्यावर डोळा आहे.