तिलापियाचं जीवदान

मालविकानं काही ठरवून केलं नव्हतं. काशीच्या राजा घाटावर ती उतरली ती फक्त तिथं पौरोहित्य करणाऱ्या वासुदेवकाकांना प्रभावतीकाकूचा निरोप द्यायला. पण डोकं आधीच तापलेलं होतं.

विद्यापीठात ती प्राणिशास्त्र शिकवायची. गंगेतल्या माशांची पाहणी हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. आदल्या दिवशी विभागप्रमुखांनी तिला फर्मावलं होतं, "माशांच्या जाती पूर्वी होत्या तेवढ्याच आहेत. नदी ठणठणीत आहे, असं अहवालात लिहा."

"तेवढ्याच आहेत सर, पण त्याच नाहीत! नैन दिसत नाही, टेंगरा जाळ्यात येत नाही. त्यांच्या जागी परदेशी तिलापिया आलाय, कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून फेकलेला सकर मासा आलाय. जेवढे गेले तेवढे आले, म्हणजे काही बिघडलंच नाही?"

"लोकांना आकडा कळतो, मॅडम."

घाटावर काका एका नागपूरकर कुटुंबाकडून जीवदान करवून घेत होते. श्राद्धानंतर जिवंत मासे गंगेत सोडायचे, पितरांना पुण्य लाभतं. पायरीवर मोठा टब होता. मालविकानं वाकून पाहिलं. सगळे तिलापिया.

"काका, हे कुठून आणलेत?"

"बाजारातून, और कहाँ से? सरक, मुहूर्त टळतोय."

"हे सोडू नका. हे इथल्या माशांचा घास आणि जागा दोन्ही बळकावतात."

"गंगामाई सगळ्यांना पोटात घेते."

"म्हणून तिच्या पोटात काहीही कोंबायचं?"

काका यजमानांकडे बघून हसले. "आमची पुतणी. जास्त शिकली की असं होतं."

त्या हसण्यानं तिचं भान सुटलं. तिनं टब दोन्ही हातांनी ओढला, पाण्यापासून लांब नेला आणि दगडावर उपडा केला. मासे तडफडू लागले. यजमानीण किंचाळली. तिचा नवरा ओंजळीत मासे घेऊन धावला, तशी मालविका आडवी आली. "एकही पाण्यात जाणार नाही!"

लोक जमले, मोबाइल वर झाले. काका ओरडले, "काशीत, घाटावर, हत्या केलीस!"

"हो, केली. तुमच्या हातून इतकी वर्षं होतेय, ती पाण्याखाली. म्हणून दिसत नाही कुणाला."

व्हिडिओ शहरभर फिरला. पाहणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. अहवाल गेला तो विभागप्रमुखांच्याच वाक्यासह. प्रभावतीकाकूनं सणालाही बोलावलं नाही. रस्त्यात कुणी 'मछलीमार मैडम' म्हटलं की मालविका तिथंच थांबून भांडायची.

थंडी सरता सरता काका एकदा तिच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"यजमान आता विचारतात, मासे कुठले म्हणून. तूच सांग. रोहू आणू?"

"कुठल्या तळ्यातले? ते तरी इथले आहेत का? काहीच सोडू नका."

"मग त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा. जमलं तर."

काका उपरणं सावरत जिना उतरून गेले. तिनं चहा विचारला नव्हता. दार लावून तिनं माळ्यावरचं स्वतःचं जाळं खाली काढलं आणि ओळखीच्या नाववाल्याला फोन लावला. विद्यापीठानं काम काढून घेतलं होतं, नदी थोडीच काढून घेतली होती!