डाव्या पायाचं अस्तर

बाळ जन्मलं ते डावं पाऊल आत वळलेलं घेऊन. सासूबाईंना कारण शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. नववा महिना लागला तरी सून पायाने शिलाई मशीन चालवत होती, मग पोटातल्या जिवाचा पाय वळणार नाही तर काय, असं त्यांनी आल्यागेल्याला सांगून टाकलं. मशीन माळ्यावर गेलं. वाईट हे की तिला ते पटलंसुद्धा. बाळाला पाजताना ती मनातल्या मनात त्याची माफी मागायची. नवरा शेजारीच असायचा, मूग गिळून. आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही, एवढंच तिने धरलं होतं.

उपचार सोपे होते, पण चिकाटीचे. दर आठवड्याला पाय जरासा सरळ करायचा आणि नवं प्लास्टर घालायचं. तिसऱ्या प्लास्टरला सासूबाईही आल्या. बाळ बापाच्या मांडीवर होतं. डॉक्टरबाईंनी ओली पट्टी गुंडाळायला घेतली आणि चिरंजिवांनी थेट धार सोडली, ती बापाच्या पँटवरून मोज्यात उतरली. सगळ्या हसल्या. तो मात्र राहू दे, राहू दे करत राहिला. शेवटी डॉक्टरबाईंनीच त्याला मोजा काढायला लावला.

त्याचं डावं पाऊल उजव्यापेक्षा दोन बोटं लहान, टाचेमागे जुना व्रण. तिला ते नवीन नव्हतं. लहानपणी हे सायकलवरून पडले होते, असं तिनेच भाबडेपणाने सांगून टाकलं.

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "पडून असं होत नाही. तुमचं पाऊलही जन्मतः वळलेलं होतं ना? मग घरात कुणालाच नव्हतं, असं का लिहून दिलंत?"

तो आईकडे बघत राहिला. आई भिंतीकडे.

हजारातल्या साधारण एका बाळाला हे असतं, डॉक्टरबाई सांगत होत्या. मुलींपेक्षा मुलग्यांत दुपटीने. आईबापांपैकी कुणाला असेल तर शक्यता वाढते, गरोदरपणी आईने सिगारेट ओढली तरी वाढते. पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही.

"आणि मशीन?" तिने विचारलं.

"मशीनचा काही संबंध नाही."

बाहेरच्या बाकावर तो हळूच म्हणाला, "आईने शपथ घातली होती. कळलं असतं तर लग्न जमलं नसतं."

"लग्नाला सहा वर्षं झाली. हे पाच आठवडे मी रडत होते, ते दिसत नव्हतं तुम्हाला?"

तिला राग आला, पण त्याहून जास्त फसवल्यासारखं वाटलं, तेही आपल्याच हातांनी. त्याची डावी पोटरी बारीक, म्हणून त्याच्या प्रत्येक पँटच्या डाव्या पायाला ती आतून जाड अस्तर लावून द्यायची. चारचौघांत त्याला कमीपणा नको, म्हणून. इतक्या मायेने तिने त्याचं झाकलं होतं, आणि त्याने तिला सगळ्यांसमोर उघडं पडू दिलं होतं.

घरी येताच त्याने न सांगता मशीन खाली काढलं, पुसलं, तेल घातलं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत.

बाळाला निजवून ती मशीनपुढे बसली. कपाटातल्या त्याच्या पाचही पँटी काढल्या आणि एकेकीचं अस्तर उसवलं. मग डाव्या पायाची शिलाई नीट घालून, इस्त्री करून, त्या होत्या तिथे टांगून ठेवल्या. सकाळी त्याला त्यातलीच एक घालून कामावर जायचं होतं.